अर्ध्या तिकिटाची मुंबई

मुंबईत मूल मोठं कधी होतं, याचं उत्तर वाहनागणिक बदलतं. रेल्वे वय मोजते: पाच वर्षांच्या आत तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं तिकीट, त्यानंतर पूर्ण. मेट्रो उंची मोजते: तीन फुटांच्या आत मोफत, त्यावर गेलं की मोठ्या माणसाइतकंच भाडं. लोकलच्या लेडीज डब्याचा हिशेब तिसराच. तिथे मुलगा बारा वर्षांचा होईपर्यंत आईबरोबर येऊ शकतो, पुढे त्याने जनरल डब्याच्या गर्दीत शिरायचं. घरच्या माणसांचं माप मात्र याहून वेगळं असतं. पूल चढताना मूल ‘उचलून घे’ म्हणायचं थांबतं, त्या दिवशी आईबाप मनातल्या मनात म्हणतात, आता हे मोठं झालं.

आमच्या घरी गाडी नाही. मुलुंडला राहतो, नातेवाईक गिरगावापासून कल्याणपर्यंत पसरलेले, आणि दोन्ही मुलं जन्मल्यापासून लोकल, बस, रिक्षा आणि स्वतःच्या पायांवर वाढली. यात विशेष काही नाही. मुंबईतल्या बहुसंख्य घरांची हीच रीत आहे. महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा २००८ साली जो मोठा अभ्यास झाला, त्यात निम्म्याच्या आसपास फेऱ्या निव्वळ पायी होतात असं दिसलं होतं. तरीही ‘मुलांना घेऊन कसे गं फिरता तुम्ही?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा सकाळी साडेआठची दादरची गर्दी असते.

माझं उत्तर त्यांना अनपेक्षित वाटतं. एकदा गाडीत नीट बसलं की निम्मी लढाई जिंकलेली असते. मुलांचे हाल होतात ते दोन वाहनांच्या मधल्या सांध्यात. फलाटावरून पुलावर, पुलावरून रस्त्यावर, रस्त्यावरून बसथांब्यावर आणि थांब्यावरून घरापर्यंत. या शहराने रुळांवर, उड्डाणपुलांवर, बोगद्यांवर अफाट पैसा ओतला, आणि हे सांधे तसेच राहिले.

आधी गाडीबद्दल, कारण तिथे लोकांनी शहाणपणाचं एक अख्खं शास्त्र उभं केलंय. गर्दीच्या वेळी लेकराला घेऊन मुलुंडहून मुंबईकडे जायचं असेल, तर सरळ फलाटावर जाऊन उभं राहायचं नाही. आधी उलट ठाण्याला जायचं आणि तिथून सुटणाऱ्या स्लो गाडीत बसायचं. याला रिटर्न मारणं म्हणतात. तिकीट ठाण्यापासूनचं काढायचं, वीसेक मिनिटं जादा द्यायची, आणि मुलाला खिडकी मिळवून द्यायची. फास्ट गाडीचा मोह टाळायचा. स्लो गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबते, पण तिची गर्दी थोडी थोडी चढते आणि थोडी थोडी उतरते, त्यामुळे श्वास घ्यायला जागा राहते. बारा डब्यांच्या गाडीत लेडीज डबा नेमका कुठे येतो, हे फलाटाच्या खांबांवरच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. मूल कडेवर असताना चुकीच्या टोकाला उभं राहिलं, तर धावायला वेळ उरत नाही, कारण गाडी थांबते काही सेकंदच.

आत गेल्यावर दुसरं शास्त्र सुरू होतं. बसलेल्या बाईला ‘कुठे उतरणार?’ असं विचारलं, की तिची जागा तिच्या स्टेशनपासून आपली. तीन जणींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते, आणि मूल असेल तर तिला टेकायला थोडी अधिक जागा मिळते. जागा नसेल तेव्हा मांडी मिळते. ‘द्या इकडे त्याला’ असं म्हणून कोणीतरी हात पुढे करतं, आणि आपलं लेकरू तीन बाकं पलीकडे एका अनोळखी मांडीवर बसून बिस्कीट खात असतं. मुलगी दोन वर्षांची असताना अशा किती जणींच्या मांडीवर बसली असेल! त्यांतल्या एकीचंही नाव मला माहीत नाही. भांडणं होतात, धक्के बसतात, उशिरा आलेल्या गाडीत लेकुरवाळीकडे पाहून नाकं मुरडणाऱ्याही असतात. पण मांडीचा हा रिवाज टिकून आहे, आणि मुंबईत मूल वाढवणाऱ्या बाईला मिळणारी ही फार मोठी मदत आहे.

उतरण्याचे नियम आणखी कडक. कांजूरमार्ग गेलं की मुलाची चप्पल पायात, भांडुप गेलं की सगळे उभे, नाहूरला दारापाशी. फलाट डाव्या बाजूला येणार की उजव्या, हे मुलांना तोंडपाठ असतं. आधी एक मोठं माणूस उतरणार, मग मूल, मग पिशवी, शेवटी दुसरं मोठं माणूस. एकटीच असेन तर मूल कडेवर आणि पिशवी पाठीला, हात रिकामे. आणि घरातला सर्वांत जुना नियम: चुकून ताटातूट झाली, तर गाडीत राहिलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरायचं, तिथेच थांबायचं, कोणाही बरोबर कुठे जायचं नाही. मागे राहिलेला माणूस पुढच्या गाडीने येतोच. रेल्वेची १३९ आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन दोघांना वाचायला यायच्या आधीपासून पाठ आहे.

लेडीज डब्याने आम्हाला फार दिलं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी अख्खी महिला विशेष लोकल सुरू झाली, त्याआधीपासून हे डबे आहेत, आणि त्यांच्याशिवाय लहान मुलाची आई या शहरात नोकरी करूच शकली नसती, असं मी ठामपणे म्हणेन. पण या व्यवस्थेत एक माणूस बसत नाही: मुलांना घेऊन निघालेला बाप. चार वर्षांच्या मुलीला घेऊन सकाळी निघालेल्या बापाला लेडीज डब्यात जाता येत नाही, आणि त्या वेळी जनरल डब्यात मुलीला नेणं धोक्याचं. दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींना जागा आहे, ज्येष्ठांसाठी जागा राखीव आहे. कडेवर बाळ असलेल्या माणसासाठी, मग ती बाई असो की पुरुष, वेगळा डबा नाही. माझा नवरा मुलीला डॉक्टरकडे न्यायचा तेव्हा अकरानंतरचीच वेळ घ्यायचा. मुलांचं करणं हे आईचंच काम, असं गृहीत धरून आखलेल्या गाडीत बाप नाइलाजाने मागे राहतो.

आणि मग मुलगा बारा वर्षांचा होतो. खरं तर त्याच्या आधीच. अंगाने थोराड असेल तर दहाव्या वर्षीच बायका त्याच्याकडे पाहू लागतात, आणि त्याला ते कळतं. त्यांचंही चूक नाही. दिवसभरात तेवढी एकच जागा त्यांच्या हक्काची असते. एके दिवशी माझा मुलगा म्हणाला, ‘मी बाबांच्या डब्यात जातो.’ मी बरं म्हटलं, आणि घाटकोपरपर्यंत माझं लक्ष शेजारच्या डब्याच्या दाराकडे होतं. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ वळणावर दारातले प्रवासी खाली पडले, चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेने त्यानंतर जाहीर केलं. २५ डिसेंबर २०१७ पासून पश्चिम रेल्वेवर धावणाऱ्या एसी लोकलला ती आहेतच. ज्यांच्या घरात बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे, त्यांना एसी लोकलमधली गार हवा नको असते, ते बंद दार हवं असतं. तेवढ्यासाठी कित्येक पटींनी महाग तिकीट काढावं लागणं, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

आता सांध्यांकडे. मुंबई रुळांनी पूर्व आणि पश्चिम अशी चिरलेली आहे. शाळा एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला, दवाखाना तिसरीकडे, आणि मधे पूल. मोठ्या माणसाला पूल म्हणजे दोन मिनिटं. तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक पायरी त्याच्या गुडघ्याएवढी असते, कठडा हाताला येत नाही, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फक्त पाय आणि पिशव्या असतात. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर पावसात लोक अडकले आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावून पूल बांधले, ठिकठिकाणी सरकते जिने आले, लिफ्ट आल्या. हे चांगलं झालं, उशिरा झालं तरी. पण लिफ्ट फलाटाच्या एका टोकाला असते आणि लेडीज डबा भलतीकडे थांबतो. सरकता जिना बहुतेक ठिकाणी फक्त वर जाणारा. झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन रात्री उतरणाऱ्या माणसाला खाली जाणारा जिना अधिक हवा असतो, हे आखणाऱ्यांपैकी कुणी कधी मूल खांद्यावर घेऊन अनुभवलेलं दिसत नाही. प्रभादेवी आणि परळला जोडणारा शंभर वर्षांहून जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडायला घेतला. मोटारींना दुसरे रस्ते आखून दिले गेले. केईएमला किंवा टाटा रुग्णालयाला पायी जाणाऱ्या माणसाचा वळसा मात्र त्याच्या पायांनीच भरून काढायचा आहे.

पुलावरून उतरलं की पदपथ, जिथे असेल तिथे. मुलाचा हात नेहमी भिंतीच्या बाजूला धरायचा, हे इथल्या आया सांगाव्या न लागता करतात. चार पावलं पदपथ, मग लावून ठेवलेल्या स्कूटर, मग उघडं गटार, म्हणून रस्त्यावर उतरायचं, पुन्हा वर चढायचं. बाबागाडी या शहरात चालत नाही. परदेशातून नातवाला घेऊन आलेल्या आजी-आजोबांच्या घरी ती गॅलरीत घडी करून ठेवलेली मी पाहिली आहे. इथे कडेवर घ्यायचं, नाहीतर पोटाशी बांधायचं.

आणि रिक्षा? वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला ती जात नाही. उपनगरात आहे, फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. पण मुलांचे पल्ले जवळचे असतात, शाळा, बालवाडी, दवाखाना, बाग, आणि जवळचं भाडं म्हटलं की मानेने नकार येतो. एखादा चालक स्वतः उतरून झोपलेलं मूल नीट हातात देतो, हेही खरं. पण रोजची शाळा त्याच्या भलेपणावर चालवता येत नाही.

म्हणून मी बसबद्दल एवढ्या तळमळीने बोलते. मुलांना घेऊन फिरण्यासाठी या शहरात बससारखं वाहन दुसरं नाही. ती घराजवळ थांबते. पूल चढावा लागत नाही. कंडक्टरला दिसतं की बाई मुलाला घेऊन चढते आहे, तो घंटी मारायला थोडा थांबतो. बाहेरचं जग मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून हळूहळू सरकतं. बसच्या कपाळावर मार्गाचा आकडा देवनागरीत असतो. इंग्रजी शाळेतल्या माझ्या मुलीला मराठी आकडे बसने शिकवले, आणि जोडाक्षरं दुकानांच्या पाट्यांनी. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली, १९३७ मध्ये दुमजली आली, आणि तेव्हापासून वरच्या मजल्यावरची पुढची जागा मुंबईच्या प्रत्येक पिढीच्या मुलांची होती. जुन्या डिझेल दुमजलीची शेवटची फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला झाली. त्या जागी काही वातानुकूलित विजेच्या दुमजली आल्या आहेत, त्या मोजक्या मार्गांवर.

दुःख त्या एका गाडीचं नाही. पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे चार हजारांहून अधिक बस होत्या. आज कंत्राटी गाड्या धरूनही त्या तीन हजारांच्या खाली आहेत. शहर वाढलं, बस घटल्या. याचा अर्थ थांब्यावर कळतो. मोठा माणूस पंचवीस मिनिटं फोन बघत उभा राहू शकतो. मुलाला दहाव्या मिनिटाला शू लागते, पंधराव्या मिनिटाला ते रस्त्याकडे धाव घेतं, विसाव्या मिनिटाला आई रिक्षाला हात करते. प्रवासी कमी झाले म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून प्रवासी आणखी तुटतात, आणि या चक्रात सर्वांत आधी गळतात ती लेकुरवाळी माणसं.

त्यात भाडं. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडं ५ रुपयांवर आणलं होतं, एसी बसचं ६. त्या दिवसांत आम्ही बसने किती हिंडलो! मे २०२५ मध्ये ते १० आणि १२ झालं. रोज ऑफिसला जाऊन परत येणाऱ्याच्या दोन फेऱ्या होतात. मुलाला शाळेत सोडणाऱ्या आईच्या चार: सोडायला जाणं, परत येणं, आणायला जाणं, परत येणं. वीसचे चाळीस झाले, मुलाचं तिकीट वेगळं. वाटेत भाजीला उतरली तर पाचवी फेरी. घर आणि कचेरी यांच्यातला सरळ प्रवास मनात धरून तिकीट आखलं जातं, आणि ज्यांचा दिवस तुकड्यातुकड्यांचा आहे त्यांना प्रत्येक तुकड्याचं किमान भाडं पडतं. दोन तासांत कितीही वेळा चढा-उतरा, असं एक तिकीट निघालं तर शाळेच्या वेळेला थांब्यांवर बायकांच्या रांगा लागतील. सागरी किनारा मार्गाच्या साडेदहा किलोमीटरवर सुमारे १४ हजार कोटी रुपये खर्च झाले, आणि त्यावर दुचाकीला, रिक्षाला मज्जाव आहे. एवढा पैसा ज्या शहराकडे आहे, त्याने बसला तोट्यातला उपक्रम म्हणून हिणवू नये.

मेट्रोबद्दल तक्रार थोडी आणि कौतुक पुष्कळ. वर्सोवा ते घाटकोपर ही पहिली मार्गिका ८ जून २०१४ ला सुरू झाली, आणि मुलुंडहून अंधेरीला मावशीकडे जाण्याचा आमचा प्रवास दादरच्या तावडीतून सुटला. आरेपासून कफ परेडपर्यंतची साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. लिफ्ट चालतात, स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत, गाडी आणि फलाट एका पातळीत, मधे काचेचं दार. मुलाचा हात सोडून उभं राहता येतं अशी सार्वजनिक जागा मुंबईत किती आहेत? पण अर्धं तिकीट नाही. या मार्गिकेवर या टोकापासून त्या टोकाला ७० रुपये. आईबाप आणि तीन फुटांवरची दोन मुलं मिळून जाऊन-येऊन ५६० रुपये. २ अ आणि ७ या मार्गिकांवर बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना पासवर २५ टक्के सवलत आहे, ती रोज जाणाऱ्यांच्या कामाची. रविवारी मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला त्यातून काहीच मिळत नाही.

रविवारचाच विषय निघाला म्हणून सांगते. कुटुंब एकत्र बाहेर पडतं तो हाच वार, आणि मेगाब्लॉकचाही हाच. रुळांची देखभाल व्हायलाच हवी. ती झाली नाही तर काय होतं, हे आपण जाणतो. पण माटुंगा-मुलुंड ब्लॉक असला की स्लो गाड्या फास्टच्या रुळांवर जातात, विद्याविहार-कांजूर-नाहूरसारखी स्टेशनं वगळली जातात, आणि जी गाडी येते ती सोमवारच्या सकाळइतकी भरलेली असते. त्यातले निम्मे चेहरे नवे कपडे घातलेल्या मुलांचे. त्यामुळे शनिवारी रात्री ब्लॉकची बातमी वाचणं, हा आमच्याकडे सहलीच्या तयारीचा भाग आहे. साडेनऊच्या आत भायखळ्याला पोहोचायचं, चारनंतर परतायचं.

भायखळ्याचं स्टेशन जरूर मुलांना दाखवावं. आशियातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला याच मार्गाने गेली, आणि जीर्णोद्धार करून जुन्या रूपात आणलेल्या या स्टेशनाला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पूर्वेला उतरून राणीच्या बागेपर्यंत चालत जाता येतं. बागेच्या तिकीटखिडकीवर आईबाप आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं मिळून १०० रुपयांचं एक तिकीट असतं. चार जणांचं कुटुंब ही वस्तू पालिकेच्या प्राणिसंग्रहालयाला ठाऊक आहे. तेच कुटुंब बागेत पोहोचेपर्यंत लोकलचे चार वेगवेगळे प्रवासी असतं.

पावसाचं वेगळं लिहायला हवं, पण थोडक्यात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि किती तरी मुलं रात्रभर शाळेत राहिली. त्या पिढीची मुलं आज स्वतः आईबाप आहेत. शाळेजवळ राहणारं एक ओळखीचं घर ठरवून ठेवणं, दप्तरात कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं, हिंदमाता आणि किंग्ज सर्कलला पाणी भरलं का ते विचारून मगच निघणं, हे सगळं त्यांनी त्या रात्री शिकून ठेवलंय. १९ ऑगस्ट २०२५ ला मुसळधार पावसात मोनोरेल प्रवाशांसह अधांतरी अडकली, तेव्हा मुलीने टीव्हीवर ते पाहून पहिला प्रश्न विचारला, आत लहान मुलं होती का?

माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि क्लासला माटुंग्यापर्यंत एकटा जातो. दुपारची स्लो, मधला डबा, दारापासून आत. गाडीच्या प्रवासाची मला फार धास्ती वाटत नाही. त्याला ती माझ्याहून चांगली कळते. उशीर झाला तर कुठली गाडी दादरहून सुटते, कुठली ठाण्यापर्यंतच आहे, हे तोच मला सांगतो. पूलही तो एका दमात चढतो. काळजी आहे ती त्यापुढच्या शंभर पावलांची. क्लाससमोरचा रस्ता रुंद आहे, वळणावरून गाड्या वेगाने येतात, आणि पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे पुसून गेले आहेत. ते पुन्हा आखावेत आणि तिथे गतिरोधक घालावा, म्हणून आम्ही काही पालकांनी अर्ज दिला आहे. समोरच्या दुकानदारांनी आणि थांब्यावर बसणाऱ्या फुलवालीनेही त्यावर सह्या केल्या. येत्या सोमवारी आम्ही विचारणा करायला पुन्हा जाणार आहोत, शाळा सुटल्यावर, मुलांना घेऊनच.